लुगड्याची राई

वेळेखोलचा घाट चढून शेवटचे वळण घेतले की समोर एकदम काळोखी झाडी उभी राहते. भोवतालचे डोंगर उन्हाळ्यात करपून जातात, ही झाडी मात्र वैशाखातही हिरवी असते. आत शिरल्यावर डोळे सावलीला सरावतात आणि मग प्रत्येक खोडाला, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, लुगड्याचा एक पट्टा बांधलेला दिसतो. काही पट्टे नवेकोरे, जरीच्या काठाचे. काही विटून मातीच्या रंगाचे झालेले. काहींची तर नुसती टोके बाहेर दिसतात, मधला भाग झाडाने सालीखाली घेतलेला असतो.

पाहुण्यांना वाटते, नवसाची गाठ. लगेच कुणी खिशातून रुमाल काढतो, कुणी ओढणीचा धागा तोडते आणि डोळे मिटून काहीतरी मागायला लागते. त्यांना आधी थांबवावे लागते. अहो, इथे मागून काही मिळत नाही. ही गाठ मागण्याची नाही. कशाची आहे ते ऐकायचे असेल तर त्या पलीकडच्या दगडावर बसा, झऱ्याचे पाणी प्या, आणि झाडाला टेकू नका.

फार जुनी गोष्ट. कुणी सात पिढ्या म्हणते, कुणी नऊ. मोजणारे केव्हाच गेले. तेव्हा ही राई रानजाई देवीची होती आणि सगळीच्या सगळी तिची होती. गळलेले पानसुद्धा गावाने उचलायचे नाही, असा दंडक होता. गावाला सरपण मिळे ते खालच्या उतारावरून. मग म्हणे गडावर लोहारशाळा आली. लोहारशाळेला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. गडाच्या माणसांनी उतारच्या उतार भट्ट्यांत घातला. न्हाव्याने डोके भादरावे तसा डोंगर भादरला आणि हत्यारे उचलून ती माणसे चालती झाली. आता गावाने रांधायचे कशावर, हे विचारायला कुणी फिरकले नाही. गरिबाच्या चुलीत डोकावायला कधी कोण येते?

तेव्हापासून बायांच्या नशिबी पलीकडचे खोरे आले. कोंबडा आरवला की निघायचे आणि दिवस मावळताना डोक्यावर मोळी घेऊन परतायचे. पावसाळ्यात नदी आडवी आली की तेही बंद. कणगीत नाचणी असे, पण भाकरी थापून भाजायची कशावर? लोकांनी आधी गोवऱ्या जाळल्या. गोवऱ्या जळू लागल्या तसे शेतात शेण पडेना, आणि शेत रुसले. मग मोडका नांगर जाळला, मग मुसळ, मग पाळण्याचे दांडे. म्हातारी माणसे भिजवलेली नाचणी कच्चीच चावत आणि पोट धरून बसत. चुलीत मांजरे निजायला लागली होती.

या गावात दोन जावा होत्या. थोरली बुधी, धाकटी ठमी. दोघा भावांशी एकाच मांडवात लग्ने लागलेली. नवरे गडाच्या वेठीला धरून नेलेले, ते दिवाळीला आले तर आले. घरात दारिद्र्य असे की धडके लुगडे एकच. जी बाहेर जाईल तिने ते नेसायचे, जी घरी राहील तिने चिंध्या गुंडाळून दाराआड बसायचे. एक दिवस बुधीचा, एक दिवस ठमीचा. यावरून त्यांच्यात कधी तंटा झाला नाही. उलट लुगडे हाती देताना थट्टा चालायची.

"जपून नेस गं, तुला काटं फार लागत्यात," बुधी म्हणायची.

"आन् तुज्या घामाचा वास जात न्हाई, त्याला म्या काय करू?" ठमीचे उत्तर तयार असायचे.

सख्ख्या बहिणींनी तोंडात बोट घालावे असे दोघींचे गूळपीठ होते. हे नीट ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचे सगळे नुसते झाडांचे गाऱ्हाणे वाटेल.

एका आषाढात त्यांची सासू डोक्यावरच्या मोळीसकट ओढ्यात गेली. मोळी सापडली, सासू सापडली नाही. ती मोळी घरी आणून वाळवली आणि सासूच्या बाराव्याची वरई त्याच मोळीवर शिजवली. पाने वाढून झाली आणि बुधी जी उठली ती थेट भिवा भगताच्या दारात. भिवा म्हणजे रानजाईचा पुजारी. देवीला विचारायचे ते त्याच्या तोंडून.

"कौल लावा," बुधी म्हणाली. "राईत वाळकं पडून सडतंया. त्येवढं आमाला दे म्हनावं."

"अगं, तिचं पान उचलायची चोरी, आन् तू मोळी मागतीस?"

"मागतीया. चोरत तर न्हाई?"

तिसऱ्या दिवशी सगळा गाव देवळापुढे जमला. भगताने दोन ओली फुले देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. बराच वेळ गेला, एकही फूल हलेना. तेव्हा भगताच्या अंगात आले आणि तो बोलला ते असे सांगतात: जे आपसूक वाळले आणि नुसत्या हाताने मोडले, तेवढेच न्यायचे. राईत लोखंड आणायचे नाही. आणि शब्द मोडला तर भरपाई कुणी करायची? जामीन कोण?

जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. मघाशी "व्हय व्हय" करणाऱ्या बायासुद्धा एकमेकींच्या आड झाल्या. बुधी पुढे आली. त्या दिवशी लुगडे तिच्या अंगावर होते.

"म्या जामीन," ती म्हणाली. "झाडाला लोखंड लागलं, तर माजी चूल इझंल. पुना कदी पेटायची न्हाई."

तिचे बोलणे संपते न संपते तोच उजवे फूल खाली आले म्हणे. मग मात्र सगळ्यांना कंठ फुटला. बायांनी पुढे होऊन भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि शपथ घेतली, बुधीचा शब्द तो आमचा शब्द. ठमी घरात अडकली होती. तिच्यासाठी बुधीने चिमूटभर भंडारा पदराच्या टोकाला बांधून नेला. चिंध्या सावरत ठमीने दाराआडूनच तो कपाळाला लावला आणि तिनेही शपथ घेतली.

त्यानंतरची दोन-चार वर्षे गावाला सुखाची गेली. घराघरांतून धूर निघू लागला, भाकरी तव्यावर फुगू लागली, गोवऱ्या वाचल्या तसे शेतही हसू लागले. बाया राईत जाताना तोंडाशीच उंबराच्या झाडाजवळच्या दगडावर विळे-कोयते ठेवत आणि रिकाम्या हातांनी आत शिरत. बुधी गावात चालली की म्हातारी माणसे ओट्यावरून उठून "ये बाय, बस" म्हणायची. तिलाही ते गोड वाटे. का वाटू नये?

पण राई काही कारखाना नव्हे. ती देईल तेव्हा देणार, देईल तेवढे देणार. गावात तोंडे वाढली, चुली वाढल्या, आणि आपसूक वाळणारी फांदी काही कुणाच्या गरजेने वाळत नाही. त्यातच बुधीला दिवस गेले. श्रावणात ती बाळंत झाली तेव्हा पावसाने आठवडाभर तोंड मिटले नव्हते. पोर झाली ती गारठलेली, रडेना की हलेना. घरात ओली काटकी होती तीही संपलेली. ठमीने लुगडे खोचले आणि त्या पावसात बाहेर पडली. परत आली ती डोक्यावर वाळक्याची मोळी घेऊन. वरून भिजलेली, पण मोडली की आत खडखडीत. चूल धडाडून पेटली, पोरीला शेक मिळाला आणि तिने टाहो फोडला. दगडासारखी टिकावी म्हणून तिचे नाव धोंडी ठेवले.

"कुटनं आनलंस गं?" बाजेवरून बुधीने विचारले.

"देवीनं दिलं," ठमी म्हणाली आणि फुंकणी घेऊन चुलीकडे वळली.

बुधीने धुराला हात जोडले.

त्या सालापासून राईत वाळके वाढत गेले. कुठे जांभळीचा शेंडा सुकलेला, कुठे अख्खा हिरडा उभ्याउभ्या वाळलेला. गावात बोलू लागले, बुधीच्या शब्दाला देवी पावली. बुधी दर पुनवेला झाडांच्या पाया पडू लागली. भिवा भगत एकदा म्हणाला, "बुधे, देवी येवडी परसन्न हाय, तर झरा का गं बारीक झाला?" बुधी हसून म्हणाली, भगताचे वय झाले. अहो, तिला मरणारी झाडे देवीचा प्रसाद वाटत होती! ज्याच्या त्याच्या तोंडून रोज आपलेच कौतुक ऐकले की चांगल्या चांगल्यांची नजर अधू होते.

एक गोष्ट मात्र घरात वारंवार होई. ठमीच्या दिवसानंतर लुगडे हाती आले की ओच्यात एक चीर असायची. लहानशी, सरळ. बुधी सुईदोरा घेऊन ती शिवून टाकी. "पुना काटा लागला व्हय गं?" असे म्हणे, आणि ठमी नुसती हसे. किती चिरा शिवल्या असतील, त्याला गणती नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी बुधी राईत मोळी बांधून उठत होती. डोक्यावर ओझे घेऊन उठताना आधाराला झाड लागते. तिने जवळच्या जांभळीला हात टेकला, आणि तळव्याखालची साल निसटून आली. साल कसली, ती माती होती. ओली माती थापून तिच्यावर शेवाळ चिकटवलेले. खाली खोडाला, कमरेच्या उंचीवर, सालीचे कडे काढलेले. वीतभर रुंद, गोल, चहूकडून सारखे. साल अशी गोल सोलली की झाडाचा घसा आवळला जातो; ते उभे राहते, हिरवे दिसते आणि हळूहळू वाळून मरते. मग ते हाताने मोडते.

तिने मोळी टाकली. दुसऱ्या झाडाला हात लावला, तिसऱ्याला लावला. माती निघत गेली. जुनी कडी काळी पडलेली, नवी अजून पांढरी आणि ओली. लोखंडाशिवाय असे कडे निघत नाही. पण आत येणारी प्रत्येक बाई विळा उंबराजवळ ठेवते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मग लोखंड आत येते कसे? आणि हे मनात येतानाच तिची नजर आपल्या अंगावरच्या लुगड्याकडे गेली. ओच्यातली कालची चीर. सरळ, स्वच्छ. काट्याने फाटले तर कापड ओरबाडून फाटते. विळ्याच्या टोकाने फाटले तर असे फाटते. आणि ते तिने आपल्या हाताने शिवून शिवून पुन्हा पुन्हा ठमीच्या हाती दिले होते.

उतारावर बाकीच्या बाया मोळ्या बांधत होत्या. हातात मातीचे ढेकूळ घेऊन बुधी पुढे आली, तेव्हा एकीनेही "काय झालं" म्हणून विचारले नाही. एकीने मान खाली घातली, मग दुसरीने. तेव्हा तिला कळले की सगळ्या गावाला ठाऊक आहे, तिला एकटीला सोडून.

ती घरी आली. ठमी चिंध्या गुंडाळून चुलीपुढे भाकरी थापत होती. धोंडी तिच्या मांडीला रेलून बसली होती. बुधीने ते ढेकूळ तिच्यापुढे टाकले. ठमीने त्याच्याकडे पाहिले आणि हातातली भाकरी परातीत ठेवली.

"कदीपासनं?" बुधीने विचारले.

ठमीने पिठाचे हात परातीच्या काठाला पुसले. मग म्हणाली, "तुला दिस गेले तवापासनं. श्रावनात बाळंतपन येनार, वाळकं मिळायचं न्हाई, ह्ये मला माघातच दिसत व्हतं. म्हनून एक झाड मारून ठिवलं. त्या पावसात शेक दिला तो त्याच झाडाचा. ही पोर तुज्या देवीनं न्हाई वाचवली, म्या वाचवली."

तोवर बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीने धीर केला. "बुधाक्का, ठमीचं बघून आमी पन केलं, खोटं कशाला बोलू. पन शबुद तरी कुटं मोडला? वाळकंच आनलं. हातानंच मोडलं."

हे ऐकून बुधी हसली म्हणे, आणि ते हसणे ऐकून दारातल्या बाया मागे सरकल्या.

"देवीला काय कुनी फसवतंया?" ती म्हणाली. "ती दगडाची. तिला फुलं चिकटवा न्हाईतर माती. तुमी मला फसवलं. माज्या नावावर जगलात, आन् मलाच अंधारात ठिवलं. येकीला, येकीला तरी वाटलं न्हाई का गं, हिला सांगावं?"

"सांगितलं असतं तर तू चूल इझवली असतीस," ठमी म्हणाली. तिने धोंडीला जवळ ओढले. "पोर गारठून मेली असती तुजी."

"व्हय, इझवली असती," बुधी म्हणाली. "पन माज्या हातानं. तू मला इचारायचं व्हतंस, ठमे. लुगडं वाटून नेसलो आपुन. त्याच लुगड्यात तू इळा लपवलास, आन् शिवायला मला दिलंस."

याचे उत्तर आजही कुणाला सुचलेले नाही.

बुधीने पाण्याची घागर उचलली आणि पेटत्या चुलीत उपडी केली. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची राहिली. मग तिने भिंतीवरची गोधडी ओढून अंगाला गुंडाळली, लुगडे सोडून हातात घेतले आणि राईची वाट धरली. धोंडी मागे धावली, तर ठमीने तिला उचलून घेतले. बुधीने वळून पाहिले नाही.

राईत बसून तिने त्या लुगड्याचे पट्टे फाडले. ज्या झाडांच्या कड्यात हिरव्या सालीचा एखादा धागा शिल्लक होता, त्या झाडांना शेणमातीचा लेप दिला आणि वरून पट्टा आवळून बांधला. जी मेली होती त्यांना तिने हात लावला नाही. लुगडे संपले तेव्हा तिच्याजवळ नेसायला काही उरले नव्हते, आणि परत नेसून गावात जावे असे तिला वाटतही नव्हते. ती राईच्या काठावर खोप घालून राहिली. खोपीत चूल मांडली नाही. भिजवलेले धान्य, करवंदे, कंद, जे कच्चे खाता येते ते खाऊन राहिली. बाया भाकरी घेऊन येत, ती शिवत नसे. कुठली भाकरी कुठल्या झाडाच्या लाकडावर भाजलेली, हे आता तिला कोण खरे सांगणार होते?

ठमी मात्र रोज यायची. आपल्या चिंध्यांतली एक पट्टी फाडून आणायची, एखाद्या झाडाला लेप देऊन बांधायची आणि खोपीकडे न बघता निघून जायची. ती गेली की बुधी उठायची, त्या झाडापाशी जायची, पट्टीखाली दोन बोटे घालून गाठ तपासायची. बहुतेक वेळा गाठ चांगलीच असे. तरी ती सोडून पुन्हा बांधायची. असे वर्षानुवर्षे चालले म्हणतात. दोघी एकमेकींशी परत एक शब्द बोलल्या नाहीत.

एका पौषात, कडाक्याच्या थंडीत, बुधीने खोपीतच प्राण सोडला. शेजारी एवढी लाकडे पडलेली आणि शेकोटीविना गेली. ज्या सकाळी गावाला ते कळले त्याच सकाळी लोकांनी पाहिले, की तिने बांधलेल्या झाडांनी पट्टे गिळले आहेत. दोन्ही बाजूंनी साल वाढून कापडावर मिटली होती, जखम भरली होती. त्याच दिवशी झऱ्याला पुन्हा पूर्वीसारखे पाणी आले. कीर्तनकार बुवा येतात ते सांगतात, जाता जाता बुधीने सगळ्यांना माफ केले. बुवांना दक्षिणा मिळते, त्यांनी खुशाल सांगावे. आमच्या गावात तसे कुणी सांगत नाही.

धोंडीला ठमीने वाढवले. धोंडीचा वंश एवढा वाढला की आज अर्ध्या गावात तिचे रक्त आहे, आणि तुम्हाला ही गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगातही आहे. राईच्या मधोमध एक बुंधा दिसतो ना, कमरेएवढा, वाळून दगडासारखा झालेला? ठमीने माघात मारलेले पहिले झाड ते हेच, असे सांगतात. त्याला पट्टा नाही. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की पोराला घेऊन त्याच्यापाशी येते आणि थोडा वेळ उभी राहते. हात जोडायचे की तोंड फिरवायचे, हे कुणी ठरवून दिलेले नाही. जी ती आपल्या मनाने करते.

आता गावात गॅस आला आहे. सिलिंडर संपला आणि नवा आणायला हात आखडला की पुन्हा राईचे वाळके आहेच. पण जे आपसूक वाळले आणि हाताने मोडले, तेवढेच. आजही नवी सून घरात आली की चुलीला किंवा शेगडीला हात लावण्याआधी तिला राईत आणतात. ती आपल्या लग्नाच्या लुगड्याचा काठ फाडते, एका झाडाला शेणमाती लावते आणि पट्टा बांधते. कुणी खोडाला लोखंड लावायचे म्हटले तर आधी हा पट्टा काढावा लागतो, आणि काढलेला पट्टा लपत नाही. बांधून झाले की दुसऱ्या घरची एखादी बाई पुढे होते आणि पट्ट्याखाली दोन बोटे घालून गाठ ओढून बघते. घरच्या बाईने तपासलेले चालत नाही.

नव्या सुनेला ते लागतेच. देवाधर्माच्या कामात अशी झडती कशाला, असे तिला वाटते. कालपरवाच एक सून फणकाऱ्याने म्हणाली, "आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?"

गाठ तपासणारी म्हातारी बोटे बाहेर काढत म्हणाली, "बुधीचा व्हता."

बायांनी झऱ्यावर हात धुतले आणि सुनेला मध्ये घेऊन त्या गावाकडे उतरल्या.